दुर्बीण नाही म्हणून संशोधन अडतं का?

बिलोलीत बसून खगोलशास्त्रात संशोधन कसं करायचं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर आधी आपल्या जुन्या राजधानीची गोष्ट ऐका.

1948 पर्यंत बिलोली हैदराबाद संस्थानात होती. तिथे नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये निजामिया वेधशाळा सुरू केली. 1908 मध्ये ती निजाम सरकारकडे आली. म्हणजे पुढचा खर्च सरकारी खजिन्यातून झाला, आणि त्या खजिन्यात मराठवाड्याचा शेतसाराही जात होता.

त्या काळी एक मोठं काम चालू होतं. सगळ्या आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी छापायची, असं 1887 च्या पॅरिस परिषदेत ठरलं होतं. वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. चिलीतल्या सॅंटियागोकडून एक पट्टा पुरा होईना, तो हैदराबादने उचलला. 8 इंची दुर्बिणीने काचेच्या प्लेटांवर फोटो घेतले, एकेक तारा मोजला. पुढे टी. पी. भास्करन संचालक असताना पॉट्सडॅमच्या राहिलेल्या पट्ट्याचा काही भागही हैदराबादने केला. एकूण साडेसात लाखांवर ताऱ्यांच्या नोंदी झाल्या.

पण छापलेले खंड कित्येक दशकं फारसे कुणी उघडले नाहीत. त्यांत ताऱ्यांची आकाशातली थेट जागा नव्हती, प्लेटवरची नुसती मापं होती.

मग हिपार्कोस उपग्रह आला. त्याने ताऱ्यांच्या जागा फार अचूक मोजल्या. पण तारा सरकतो अगदी हळू. त्याची चाल काढायला जुनी जागाही लागते. 1920 च्या सुमारास तारा कुठे होता, हे उपग्रह कसं सांगणार? ते या खंडांनी सांगितलं. जुनी मापं संगणकावर घेऊन नव्याने हिशोब झाला, आणि 2000 मध्ये सुमारे 25 लाख ताऱ्यांची टायको-2 यादी आली.

हे जमलं कशामुळे? मूळ मापं आणि प्लेटची तारीख जपली होती म्हणून. नुसता निष्कर्ष छापला असता, तर हिशोब पुन्हा करताच आला नसता. तुमच्या प्रबंधाचंही तसंच आहे: कच्ची नोंद आणि तारीख कधीही टाकून देऊ नका.

टायको-2 आज व्हिझिएर या संकेतस्थळावर फुकट मिळते. इस्रोच्या ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणंही 2018 पासून सर्वांना खुली आहेत. दुर्बीण नसली तरी चालेल. पहिला प्रश्न मात्र तुमचा हवा.