खराब झालेल्या केसांची घरच्या घरी निगा

राजधानी दिल्लीत आणि तिच्याभोवतीच्या गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या शहरांत नोकरी वा शिक्षणासाठी आलेल्या मराठी कुटुंबांत एक तक्रार हमखास ऐकू येते. येथे आल्यापासून केस राठ झाले, फणीत तुटू लागले, टोकांना फाटे फुटले. दोष कधी पाण्याला दिला जातो, कधी हवेला. मग महागड्या केशप्रसाधनांवर आणि सौंदर्यप्रसाधनगृहांतील उपचारांवर हजारो रुपये खर्च होतात. वास्तविक खराब झालेल्या केसांची निगा घरच्या घरी, अगदी थोड्या खर्चात राखता येते. त्यासाठी केस खराब होतात म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

केसाची रचना

त्वचेबाहेर दिसणारा केस हा निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्यावर कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. हे आवरण शाबूत असेपर्यंत केस गुळगुळीत व चमकदार दिसतो. जोरात विंचरणे, तीव्र उष्णता, रासायनिक रंग, केस सरळ करणारी द्रव्ये आणि कडक ऊन यांमुळे ते खवले उचकटतात व झिजतात. आतला गाभा उघडा पडला की केस तुटतो किंवा उभा चिरत जातो.

त्वचेवरची जखम भरून येते, कारण त्वचा जिवंत असते. केसाच्या बाबतीत तसे घडत नाही. फाटे फुटलेले टोक कोणत्याही तेलाने वा मलमाने कायमचे जुळत नाही. प्रसाधने ती झीज काही काळ झाकतात, एवढेच. म्हणून निगा राखण्याचे तीन भाग पडतात. फाटलेली टोके कापून टाकणे, उरलेल्या केसांची झीज रोखणे आणि नवा केस वाढेपर्यंत धीर धरणे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्या हिशेबाने ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे दोन ते अडीच वर्षांपूर्वीचे असते. इतका काळ त्याने ऊन, पाणी व फणी सोसलेली असते.

राजधानीचे पाणी

दिल्लीला यमुना व गंगा या नद्यांचे शुद्ध केलेले पाणी मिळते. त्याशिवाय कूपनलिकांचे पाणीही वापरले जाते. परिसरातील अनेक वसाहती भूजलावर किंवा टँकरवर अवलंबून आहेत. भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्यास ते ‘दुष्फेन’ होते, म्हणजे त्यात साबणाचा फेस होत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालू शकतो.

अशा पाण्याने केसाची ताकद खरोखर घटते का, याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तमिळनाडूतील कोइम्बतूर येथे झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसाच्या ताण सोसण्याच्या शक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाकिस्तानातील २०१८ च्या अभ्यासात मात्र ती शक्ती कमी झालेली दिसली. क्षार केसांवर साचतात आणि रंगवलेले वा आधीच झिजलेले केस ते अधिक शोषतात, एवढे मात्र निश्चित. म्हणून सगळा दोष पाण्याच्या माथी मारणे योग्य नसले, तरी काळजी घेणे हिताचे.

घरचे पाणी कसे आहे, हे पाहण्यासाठी काचेच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून बाटली जोरात हलवावी. फेस कमी झाला आणि पाणी दुधाळ दिसले, तर ते दुष्फेन समजावे. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुणे सर्वांत वाईट. साबण व क्षार यांच्या संयोगाने न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूतील द्रव्यांचा असा साका होत नाही. त्यामुळे शाम्पूची साधी, स्वस्त पुडीही साबणापेक्षा चांगली.

पाण्यात तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, कठीणपणा जात नाही. पाणी उकळून गार केल्यास त्यातील काही क्षार तळाशी बसतात. घरात आरओ यंत्र असल्यास शेवटचे एक-दोन तांबे त्याच्या शुद्ध पाण्याचे घ्यावेत. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र केसांसाठी वापरू नये. त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यास उपयोगी पडते.

खोबरेल तेलाचे महत्त्व

महाराष्ट्रात न्हाण्यापूर्वी डोक्याला खोबरेल तेल चोळण्याची जुनी रीत आहे. मुंबईतील मॅरिको या कंपनीतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली. त्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या व खराब झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या केसांतून धुताना वाहून जाणारे प्रथिन केवळ खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाले, असे त्यांना आढळले. या तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तेल धुण्यापूर्वी लावावे. रात्री लावून सकाळी धुतले तरी चालते. ते भरपूर थापण्याची गरज नाही. मध्यम लांबीच्या केसांना दोन-तीन चमचे पुरतात. झीज टोकांकडे अधिक असते, म्हणून तेथे ते नीट लावावे. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल तेल गोठते, त्यामुळे दिल्लीच्या हिवाळ्यात ते घट्ट होते. बाटली विस्तवावर न धरता कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी. डोक्यात कोंडा असल्यास तेल टाळूला न लावता केवळ केसांना लावावे.

धुण्याची व विंचरण्याची रीत

शाम्पू थोड्या पाण्यात मिसळून टाळूवर लावावा. लांब केस चोळून चोळून धुऊ नयेत. वाहणाऱ्या फेसाने ते पुरेसे स्वच्छ होतात. त्यानंतर टोकांना कंडिशनर लावून दोन-तीन मिनिटांनी धुवावे. केसाच्या झिजलेल्या भागावर ऋण विद्युतभार अधिक असतो आणि कंडिशनरमधील द्रव्यांवर धन भार असतो. त्यामुळे ती नेमकी झिजलेल्या जागी चिकटतात. हे तत्त्व स्वस्त व महाग अशा दोन्ही कंडिशनरना लागू आहे.

ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. तो टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या सुती पंचात केस गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. मग रुंद दातांच्या फणीने खालून वर याप्रमाणे गुंता सोडवावा. ओल्या केसांवर केस सरळ करण्याचे तापते यंत्र फिरवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि केस त्या जागी मोडतो.

मे-जूनमध्ये ‘लू’ वाहत असताना सुती ओढणीने डोके झाकावे. हिवाळ्यात कढत पाणी टाळून कोमट पाणी वापरावे. होळीपूर्वी केसांना तेल लावून वेणी घालावी. खेळून झाल्यावर कोरडा रंग आधी झटकावा आणि मगच पाणी ओतावे.

काय टाळावे

घरगुती म्हणजे निर्धोक, असे नाही. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने केसाचे खवले उचकटतो. निव्वळ लिंबाचा रस टाळूची आग करतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात, की ते केसात शिरत नाहीत. रिठ्याने केस स्वच्छ होतात, पण कोरडेही पडतात. त्या मानाने शिकेकाई सौम्य. दिल्लीत खारी बावलीच्या बाजारात हे जिन्नस मिळतात.

‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक भुकट्यांत पीपीडी हे रसायन असते आणि त्याने तीव्र अॅलर्जी होऊ शकते. केस सरळ करण्याच्या काही उपचारांत फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो कर्करोगकारक ठरवला. त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरलेल्या उपचारानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना वारंवार इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

केस मधेच तुटणे आणि मुळापासून गळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तुटलेला तुकडा आखूड असतो. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. त्याहून अधिक गळू लागल्यास, चट्टे पडल्यास किंवा टाळूला खाज व खपल्या आल्यास तेल बदलत बसू नये. लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, बाळंतपण वा मोठा ताप ही त्यामागील कारणे असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा वेळी रक्ततपासणी हीच खरी निगा ठरते. दिल्लीत एम्स, सफदरजंग व राम मनोहर लोहिया या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

एरवी खोबरेल तेल, साधा शाम्पू व कंडिशनर, रुंद दातांची फणी, सुती पंचा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा टोके कापण्यासाठी धारदार कात्री, एवढी सामग्री पुरेशी आहे. फाटलेला केस सांधता येत नाही. पण रोज थोडी काळजी घेतल्यास नवा केस फाटण्यापासून नक्कीच वाचवता येतो.