दिवसापुरतं टेबल

इंदूरच्या छप्पन दुकानवरची पोह्यांची प्लेट खाली ठेवा आणि डोळे मिटा. शंभराहून थोडी अधिक वर्षं मागे जायचंय.

उघडा आता. राजवाड्यासमोर माळव्याचं ऊन टाळूवर आदळतंय. टांगेवाला ‘बाजू’ म्हणून ओरडेपर्यंत घोड्याचा ऊन श्वास तुमच्या मानेवर. लीद, तापलेली धूळ, कुठेतरी तडतडलेली मोहरी, आणि या सगळ्यावर दाटलेला एक जड, कडवट वास. ती अफू. होळकरांच्या इंदुरात तिच्या पेढ्या आहेत. फार खोल श्वास घेऊ नका.

भागवतांच्या घरात शिरलात की मराठी कानावर पडते. तुरुतुरु चालणारी ती दुर्गा. तिची पुस्तकं तुमच्या कपाटात असतील. पाळण्यातली धाकटी कमला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनवाले, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या फळीतले. मग पोरगीही तिथेच शिकणार, यात विचारायचं काय?

विचारायचं होतं. 1933 मध्ये या. कमला मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली आहे, आणि टाटा इन्स्टिट्यूटचे संचालक सर सी. व्ही. रामन तिच्या प्रवेशाला नाही म्हणाले आहेत. कारण एकच, ती मुलगी आहे. गांधीजींचं वारं अंगात भिनलेली ही मुलगी हलत नाही. तुम्हीही तिच्याबरोबर थांबा. पाय दुखतील, घसा कोरडा पडेल. अखेर प्रवेश मिळतो, पण एक वर्ष अजमावून बघण्यापुरता, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही या अटीवर. (विचलित होणाऱ्यांना काही अट घातली होती का, हे तुम्हीच विचारा. माझी हिंमत नाही.)

तिथल्या श्रीनिवासय्यांच्या हाताखाली काम चालू होतं. डाळींतलं प्रथिन मोजायचं, म्हणजे डाळ आधी गंधकाम्लात उकळायची. पांढरा धूर घशाला ओरबाडतो, डोळ्यांतून पाणी. मागे सरकू नका, ती सरकलेली नाही. 1936 मध्ये एम.एस्सी. झाली, तीही विशेष प्रावीण्यासह, आणि रामन यांनी मुलींना दार उघडलं.

आता कोट चढवा, पुढच्या संशोधनासाठी ती विलायतेला आली आहे. केंब्रिजची थंडी बोटांच्या टोकांतून आत शिरते. प्रयोगशाळेतल्या डेरेक रिख्टर यांनी तिला एक जादा टेबल दिलंय, फक्त दिवसा. रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपतात. उशी कुठे ठेवतात, बघायला मिळालं नाही. ते दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागते. चिरलेल्या बटाट्याचा मातकट वास नाकात बसतो. याच बटाट्यात तिला सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडतं आणि कळतं, की वनस्पतीच्या पेशींतल्या ऑक्सिडीकरणातही त्याचा हात आहे. प्रबंध 40 टंकलिखित पानांचा. केंब्रिजला आल्यापासून 14 महिन्यांच्या आत संशोधन आणि लेखन, दोन्ही आटोपलेलं! आपल्याकडच्या प्रबंधांची वजनं आठवून मला जरा लाजच वाटली. विज्ञानात पीएच.डी. मिळवलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत 1939 पासून तिचं नाव.

मुंबईत उतरा, पहाटे. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आहेत आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवतात. तुमच्या हातात नीरेचा पेला: गार, गोड, ताडाचा हलका वास. लवकर प्या, ऊन चढलं की आंबते आणि मग तुम्हाला घरी काय सांगायचं ते सुचायचं नाही. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गरोदर बायकांना हिचा गुण येतो, हे कमलाबाई दाखवतात. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना चार वर्षं ताटकळत ठेवलं गेलं.

निवृत्तीनंतर घरी बसल्या असतील म्हणता? ग्राहकांच्या संघटनेत भेसळीवर तुटून पडल्यात, 1982-83 साली तिच्या अध्यक्षही आहेत. ‘कीमत’ मासिकात लिहितात. तेवढी तुमच्या पिशवीतली हळद इकडे द्या. चिमूटभर हळद, परीक्षानळीत पाणी, वर थेंबभर आम्ल. रंग गुलाबी झाला? आणखी पाणी घाला. अजूनही गुलाबीच? मग वाण्याची पावती शोधायला लागा.