ब्रिस्टल बालहृदयशस्त्रक्रिया प्रकरण

इंग्लंडमधील ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या सरकारी रुग्णालयात 1984 ते 1995 या काळात तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत झालेल्या वाढीव मृत्यूंचे प्रकरण.

पार्श्वभूमी : 1984 मध्ये ब्रिस्टलला या शस्त्रक्रियांचे अधिप्रादेशिक (अनेक प्रदेशांसाठीचे) केंद्र म्हणून मान्यता मिळाली आणि पैसा थेट आरोग्य खात्याकडून येऊ लागला. शस्त्रक्रियांची संख्या मात्र कमीच राहिली. मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ टेकडीवरच्या बालरुग्णालयात, तर खुल्या हृदयशस्त्रक्रिया खाली इन्फर्मरीत, अशी फाटाफूट होती. केवळ मुलांसाठीचा हृदयशल्यविशारद 1995 पर्यंत नेमलेला नव्हता.

आकडेवारी : 1988 मध्ये रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांना शस्त्रक्रिया फार लांबतात असे दिसले. 1990 मध्ये त्यांनी मुख्याधिकारी जॉन रॉयलन्स यांना पत्र लिहिले. पुढे सहकारी भूलतज्ज्ञ अँडी ब्लॅक यांच्यासह मृत्यूंचा हिशेब मांडला. 1992 मध्ये ‘प्रायव्हेट आय’ या पाक्षिकात बातम्या आल्या. आकडे नव्हते असे नाही. ते पाहून काम थांबवणे ही कोणाची जबाबदारी, हेच ठरलेले नव्हते. 11 जानेवारी 1995 च्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक बसली, दुसऱ्या दिवशीची एका मुलावरील शस्त्रक्रिया करावी असे ठरले. ते मूल दगावले.

डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी पुढे नेमलेल्या केनेडी चौकशीसाठी केलेल्या विश्लेषणानुसार 1991 ते 1995 दरम्यान एक वर्षाखालील 30 ते 35 मुले, सर्वसाधारण केंद्राच्या तुलनेत, अधिक दगावली. आजाराच्या तीव्रतेने हा फरक कितपत उलगडतो, यावर वाद झाला. एवढी मोठी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. मेलबर्नहून आलेले बालहृदयशल्यविशारद अ‍ॅश पवडे यांच्या 1995 मधील नेमणुकीनंतर चित्र पालटले. या वयोगटातील खुल्या शस्त्रक्रियांतील मृत्युप्रमाण 1991–95 मधील 29 टक्क्यांवरून 1999–2002 मध्ये 3 टक्क्यांवर आले. त्याच काळात ते देशभर घटत होते, हेही ध्यानात घ्यावे.

कारवाई : 1998 मध्ये वैद्यक परिषदेने शल्यविशारद जेम्स विशार्ट व रॉयलन्स यांची नावे नोंदवहीतून काढली; दुसरे शल्यविशारद जनार्दन धस्माना यांना तीन वर्षे मुलांवर शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. बोल्सिन त्याआधीच ऑस्ट्रेलियात गेले होते.

केनेडी चौकशी (1998–2001) : अध्यक्ष इयन केनेडी. 577 साक्षीदार, पैकी 238 पालक, सुमारे नऊ लाख पाने, 198 शिफारशी. अहवालाने व्यक्तींपेक्षा व्यवस्थेवर आणि आतल्या गोटाच्या कारभारावर बोट ठेवले. पालकांना न सांगता मृत मुलांचे अवयव ठेवून घेतल्याचे याच सुनावणीत उघड झाले. पुढे 2004 चा मानवी ऊती कायदा आला.

खर्च : चौकशीला सुमारे 1 कोटी 40 लाख पौंड.

परिणाम : सेवेच्या दर्जाची कायदेशीर जबाबदारी रुग्णालयांवर टाकणारा 1999 चा आरोग्य कायदा, 2001 मध्ये राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्था. पुढे ब्रिस्टलच्या नव्या बालरुग्णालयातील हृदयविभागाबद्दलही तक्रारी आल्या. त्यावरील स्वतंत्र अहवाल 2016 मध्ये निघाला.

तुलना : मुंबईत 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयातील भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या 14 बळींनंतर नेमलेला लेंटिन आयोग. त्याचा रोख औषधखरेदी व औषधनियंत्रणावर होता.