न दिसणाऱ्या जखमेची साक्ष

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण त्याची मुळं एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालात आहेत. प्रश्न असा की, स्थलांतरितांच्या खटल्यात मानसशास्त्रज्ञाचं काय काम?

१९८० साल लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेने निर्वासितांचा कायदा केला. छळाची रास्त भीती असणाऱ्याला आश्रय मागता येऊ लागला. त्याच वर्षी तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडी हे नाव पहिल्यांदा आलं. आश्रयाची वाट आणि आघाताचं नाव, दोन्ही एकदमच मिळालं म्हणा ना.

पण वाट सगळ्यांना सारखी नव्हती. मध्य अमेरिकेतल्या यादवीतून लाखो लोक उत्तरेकडे पळाले. तिथल्या सरकारांना अमेरिकेचाच पाठिंबा होता. मग ती सरकारं छळ करतात हे कबूल कोण करणार? १९८४ मध्ये या दोन देशांतल्या लोकांचे तीन टक्क्यांहून कमी अर्ज मंजूर झाले. चर्च संघटना कोर्टात गेल्या. १९९१ मध्ये तडजोड झाली आणि अर्ज नव्याने ऐकायचं ठरलं.

मला इथे इग्नासिओ मार्टिन-बारो यांचं नाव घ्यायलाच हवं. जेझुइट धर्मगुरू, शिकागोत शिकलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा आग्रह होता की माणसाचं दुखणं फक्त त्याच्या डोक्यात शोधू नका, ते ज्या समाजात घडलं तिथेही शोधा. १६ नोव्हेंबर १९८९ ला सैनिकांनी त्यांना सान साल्वाडोरमध्ये ठार केलं. सोबत आणखी पाच जेझुइट, घरकाम करणारी बाई आणि तिची मुलगीही गेली.

पुढे कायदा अधिक किचकट झाला. १९९६ च्या कायद्यानुसार आश्रयाचा अर्ज एका वर्षात करावा लागतो. उशीर झाला तर सबळ कारण दाखवायचं, आणि छळाचा मनावरचा परिणाम हे असं एक कारण ठरू शकतं. ते तपासून लिहिणार कोण? १९९९ च्या इस्तंबूल प्रोटोकॉलने छळाची नोंद कशी करायची याची पद्धत घालून दिली. शरीरावर वळ नसला म्हणून छळ झालाच नाही असं होत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

म्हणून प्रशिक्षण लागतं. आघात झालेला माणूस तारखा चुकवतो, क्रम उलटसुलट सांगतो. न्यायाधीशाला ते खोटं वाटू शकतं. आठवण अशी का तुटते, हे साध्या भाषेत मांडणं हे शिकण्याचं काम आहे. भाषेचंही तसंच. ग्वाटेमालातल्या अनेकांची मातृभाषा स्पॅनिश नाही, माम किंवा किचे असते. आपण 'धसका घेतला' म्हणतो, तसं तिकडे 'सुस्तो' म्हणतात. ऐकणाऱ्याला तो शब्द कळला नाही तर दुखणंही कळत नाही.

आता खरी अडचण. मानसशास्त्रज्ञाने या लोकांची बाजू घ्यायची की तटस्थ राहायचं? माझं मत सांगतो. कायदा बदलायला झगडा, कोठड्यांबद्दल बोला, फुकट तपासण्या करा. पण अहवालात एक ओळही फुगवू नका. सरकारी खर्चाने वकील मिळण्याची हमी नसलेल्या माणसाकडे कधी कधी तो अहवाल हाच मोठा पुरावा असतो. त्यात एक अतिशयोक्ती सापडली, तर त्याची खरी गोष्टही खोटी ठरते.