चित्रपटांतील अणुसंमीलन भट्टी

हलक्या अणूंची केंद्रके जुळवून ऊर्जा मिळवणारे, कथाचित्रपटात दाखवलेले यंत्र. हॉलिवूडच्या विज्ञानपटांत ते पुन्हापुन्हा येते. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या (1985) शेवटी मोटारीवर बसवलेली घरगुती भट्टी, ‘स्पायडरमॅन 2’मधला (2004) डॉ. ऑक्टेव्हियसचा धगधगता गोळा, ‘आयर्न मॅन’च्या (2008) छातीतली चकती आणि ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये (2012) बॉम्ब होऊन बसणारी भट्टी ही त्याची ठळक रूपे. या यंत्रांमागचे मूळ भौतिकशास्त्र बहुतांशी खरे आहे. चित्रपट फसतात ते आकाराच्या बाबतीत, आणि त्याखालोखाल स्फोटाच्या बाबतीत.

पृथ्वीवर साधायला सर्वांत सोपे संमीलन हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे. त्यांची केंद्रके जुळली की हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो व 17.6 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मुक्त होते. तिचा चार पंचमांश वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो. ड्यूटेरियम पाण्यात मुबलक आहे. अलिबागजवळ थळ येथे तो जड पाण्याच्या रूपाने मिळवला जातो. ट्रिटियम मात्र किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षे आहे, त्यामुळे निसर्गात तो साठत नाही. ‘स्पायडरमॅन 2’मध्ये जगभरात तो फक्त 25 पौंड असल्याचा उल्लेख येतो. आकडा सोडला तरी दुर्मीळता खरी आहे: नागरी वापराचा ट्रिटियम मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून येतो आणि किलोंतच मोजावा लागतो. चित्रपटात तो चिमुकल्या गोळीसारखा दिसतो, तेही अगदीच निराधार नाही. उणे 252 अंश सेल्सिअसच्या आसपास ट्रिटियम गोठतो, आणि लेझरने संमीलन घडवताना गोठलेले इंधन खरोखरच गोळीत भरतात.

केंद्रके एकमेकांना ढकलत असल्याने ती जुळण्यासाठी इंधनाचे तापमान दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत न्यावे लागते. सूर्याच्या गर्भात ते दीड कोटी अंश आहे. तापमानाबरोबरच इंधनाची घनता आणि उष्णता धरून ठेवण्याचा काळही पुरेसा लागतो, हे जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्याने 1957 मध्ये गणिताने मांडले. आकाराचा प्रश्न येतो तो या तिसऱ्या अटीतून.

सूर्याची शक्ती तळहातावर आणण्याची ऑक्टेव्हियसची आकांक्षा ऐकायला भव्य वाटते, पण सूर्यगर्भात दर घनमीटरला जेमतेम 275 वॉट ऊर्जा निर्माण होते. कुजणाऱ्या खताचा ढीग साधारण एवढाच तापतो. माणसाचे शरीर तेवढ्याच आकारमानात सूर्यगर्भाहून जास्त उष्णता देते. ओंजळभर सूर्यगर्भातून मिळणारी संमीलन ऊर्जा एका वॉटच्या विसाव्या भागाएवढी भरेल. सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अफाट आकारामुळे. प्रयोगशाळेत म्हणूनच सूर्याहून दसपट तापमान आणि वेगळे इंधन घ्यावे लागते, आणि तरीही मोठेपण टळत नाही. बंबातले पाणी बराच वेळ गरम राहते, कपातला चहा लगेच निवतो. उष्णता आकारमानात साठते आणि पृष्ठभागावाटे निसटते. प्लाझ्माचे, म्हणजे चुंबकांनी धरून ठेवलेल्या तप्त, विद्युतभारित इंधनाचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये काडाराश येथे उभारल्या जाणाऱ्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय भट्टीत प्लाझ्मासाठी सुमारे 840 घनमीटर जागा ठेवली आहे ती यासाठीच.

‘आयर्न मॅन’मध्ये नायक टोनी स्टार्क गुहेत बनवलेल्या चकतीची क्षमता सेकंदाला तीन गिगाज्यूल, म्हणजे 3,000 मेगावॉट सांगतो. तारापूरच्या चारही अणुभट्ट्यांची मिळून विद्युतक्षमता 1,400 मेगावॉट आहे. इंधनाची इथे अडचण नाही: ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरले तर एवढ्या शक्तीला सेकंदाला फक्त 9 मिलिग्रॅम इंधन पुरेल, आणि संमीलनाचे खरे आश्चर्य या आकड्यात आहे. अडचण आहे ती उरलेल्या सगळ्याची. ऊर्जेतला केवळ एक टक्का वाया गेला तरी 30 मेगावॉट उष्णता छातीत उतरेल. न्यूट्रॉनांवर विद्युतभार नसल्याने चुंबक त्यांना अडवू शकत नाही. त्यासाठी मीटरभर जाडीचे कवच लागते आणि त्यातच लिथियम ठेवून नवा ट्रिटियम तयार करण्याची योजना असते. बोरॉन आणि साधा हायड्रोजन यांच्या संमीलनात मुख्य प्रक्रियेतून न्यूट्रॉन निघत नाहीत, पण तिथे तापमान अब्ज अंशांच्या वर न्यावे लागते.

स्टार्कच्या चकतीत पॅलेडियम आहे. चित्रपट तिचे तत्त्व उलगडून सांगत नसला तरी या धातूमुळे 1989चे शीतसंमीलन प्रकरण आठवते. त्या वर्षी 23 मार्चला युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी, जड पाण्यात बुडवलेल्या पॅलेडियमच्या विद्युतअग्रावर खोलीच्या तापमानाला संमीलन झाल्याचे जाहीर केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह अनेक ठिकाणी लगोलग प्रयोग झाले. जगभरच्या प्रयोगशाळांना तो परिणाम खात्रीने पुन्हा घडवता आला नाही आणि दावा मागे पडला.

टेबलावर मावणारे संमीलन मात्र अस्तित्वात आहे. दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक असलेल्या फायलो फार्न्सवर्थ यांनी विकसित केलेल्या ‘फ्यूझर’मध्ये विद्युतदाबाने ड्यूटेरियमची केंद्रके एकमेकांवर आदळवतात, हौशी विद्यार्थ्यांनीही तो बनवला आहे. न्यूट्रॉनांचा छोटा स्रोत म्हणून तो कामाचा आहे, पण मिळणारी ऊर्जा दिलेल्या ऊर्जेच्या तुलनेत नगण्य. ‘बॅक टू द फ्यूचर’मधल्या भट्टीत केळ्याची साल पडते. सालीतल्या पाण्यात किंचित ड्यूटेरियम असेलही, पण कार्बन, पोटॅशियमसारखी जड मूलद्रव्ये प्लाझ्मात मिसळली की ती ऊर्जा प्रारणाने उधळून त्याला थंड करतात.

स्फोटाची भीती चित्रपटांनी सर्वांत जास्त पसरवली, आणि संमीलनावर हा अन्याय आहे. जड केंद्रके फोडणाऱ्या विखंडनातल्यासारखी साखळी प्रक्रिया इथे नसते. भट्टीत एका वेळी इंधन काही ग्रॅमच असते. आवरण फुटून हवा शिरली की प्लाझ्मा विझतो. ऑक्टेव्हियसचा उघड्या हवेत फुगत जाणारा, शेवटी नदीत बुडवावा लागणारा गोळा घडणे नाही. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये बाहेर काढलेला गाभा काही महिन्यांत अणुबॉम्बसारखा फुटणार असतो; खऱ्या संमीलन भट्टीत असा ऊर्जेने भरलेला गाभाच नसतो. किरणोत्सर्गी झालेली आवरणे, ट्रिटियमची गळती आणि अतिसंवाहक चुंबकांत साठलेली प्रचंड ऊर्जा हे खरे धोके. ते गंभीर आहेत, पण शहर उद्ध्वस्त करणारे नाहीत.

होमी भाभांनी 1955 मध्ये जिनिव्हातल्या अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून दोन दशकांत नियंत्रित संमीलन साधेल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, पण काम थांबले नाही. भारत 2005 पासून ‘ईटर’चा भागीदार असून तिचे शीतपात्र, म्हणजे चुंबकांना अतिथंड ठेवणारे बाहेरचे पात्र, हझिऱ्यात लार्सन अँड टुब्रोने घडवले. ब्रिटनमधल्या ‘जेट’ या चुंबकीय भट्टीने 2023 मध्ये 0.2 मिलिग्रॅम इंधनातून 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली.

‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’मध्ये (2013) यानाचा ऊर्जागाभा म्हणून दिसणारी जागा ही कॅलिफोर्नियातली नॅशनल इग्निशन फॅसिलिटी, 192 लेझरांची खरीखुरी प्रयोगशाळा. तिथेच 5 डिसेंबर 2022 रोजी, मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीवर लेझरने टाकलेल्या 2.05 मेगाज्यूल ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल संमीलन ऊर्जा बाहेर आली. ते लेझर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती.