धुराड्यातली आग आणि डॅशबोर्डवरचा काटा

तापमापीचा इतिहास आपण फॅरनहाइट, सेल्सियस अशा नावांनी सांगतो. पण पारा साधारण 357 अंश सेल्सियसला उकळतो. त्यापुढच्या उष्णतेचा, म्हणजे भट्टीचा, ओतशाळेचा आणि इंजिनाच्या धुराड्याचा इतिहास वेगळा आहे. तो कारागिराच्या नजरेपासून सुरू होतो आणि जुन्या डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डवरच्या एका काट्यापर्यंत येतो. या काट्याचे नाव पायरोमीटर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान तो दाखवतो.

लोहार लोखंडाच्या रंगावरून घाव घालण्याची वेळ ओळखतो. हे ज्ञान पक्के असते, पण दुसऱ्याला आकड्यात सांगता येत नाही. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या कुंभाराला नेमकी हीच अडचण होती. 1782 साली त्याने उपाय मांडला. भट्टीत मातीच्या छोट्या वड्या ठेवायच्या, त्या भाजून किती आक्रसल्या ते निमुळत्या खाचेत सरकवून पाहायचे. आपल्या कारखान्यात त्याचे माप उपयोगी पडले. पण त्याच्या अंशांचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर केले, तेव्हा बिडाचा वितळबिंदू जवळपास 18 हजार अंश निघाला. प्रत्यक्षात तो 2200 च्या आसपास आहे. भट्टी-भट्टीची तुलना करायला वड्या बऱ्या होत्या, चूक झाली ती भाषांतरात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

1821 साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेकला दिसले की दोन वेगळ्या धातूंचे तुकडे दोन्ही टोकांना जोडून एक सांधा तापवला, तर जवळची चुंबकसूची हलते. त्याने तिला उष्णतेतून आलेले चुंबकत्व मानले. ती वीज आहे हे ओर्स्टेडने ओळखले. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये ल शातेलिए याने प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांची जोडी भट्टीसाठी भरवशाची करून दाखवली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अल्बर्ट मार्शच्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूमुळे हेच काम स्वस्त तारेत होऊ लागले. आजही ट्रकच्या पायरोमीटरमध्ये बहुधा क्रोमेल आणि अल्युमेल या तारांचीच जोडी असते. 700 अंशांच्या फरकाला ती जेमतेम 29 मिलिव्होल्ट देते.

पण ट्रकला याची गरज का पडली? रुडॉल्फ डिझेलच्या 1897 च्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेचा सुमारे 26 टक्के भाग कामाला लावला. त्या काळी हा विक्रम होता. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे वाया जात होता. 1905 साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने त्या धुरानेच एक चक्र फिरवून इंजिनात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. हाच आजचा टर्बो. तो आधी जहाजांवर रुळला, मग ट्रकवर आला. व्होल्वोने 1954 मध्ये टर्बो लावलेला डिझेल ट्रक आणला. तोवर टाकाऊ असलेला धूर आता कामकरी झाला आणि त्याच्यावर नजर ठेवणे भाग पडले.

डिझेल इंजिनाचा स्वभाव इथे लक्षात घ्यायला हवा. त्यात ताकद कमीजास्त होते ती डिझेलच्या मात्रेने. हवेच्या मानाने डिझेल वाढले की धूर तापतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडले, तर टर्बोला वेग नसतो, हवा कमी पडते आणि पाय मात्र एक्सलेटरवर दाबलेला असतो. पाण्याचा काटा हे फार उशिरा सांगतो, कारण आधी सगळे लोखंड आणि पाणी तापावे लागते. तोवर ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा जळू शकतो. पायरोमीटरचा काटा काही सेकंदांत चढतो.

हे वाचून समाधान होईना, म्हणून गेल्या वर्षी मी परिचयाच्या एका मालकाच्या जुन्या टर्बो ट्रकवर हा काटा बसवताना मिस्त्रींसोबत दोन दिवस काढले. त्यांनी आधी मॅनिफोल्ड उतरवला. जागेवरच भोक पाडले असते, तर बिडाचा कीस टर्बोच्या पात्यांत गेला असता. सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो तिथे, टर्बोच्या अलीकडे, भोक पाडून आटे पाडले. सळईचे टोक धुराच्या मधोमध येईल इतके आत घेतले. तार कमी पडली, तेव्हा मालकाने तांब्याची साधी तार पुढे केली. मिस्त्री म्हणाले, “नको शेठ, जातीची तारच लागते. नाहीतर काटा खोटं बोलेल.” सीबेकचा नियम त्यांना त्या नावाने ठाऊक नव्हता, पण दोन धातू जिथे भेटतात तिथे नवा सांधा होतो, हे त्यांना पक्के माहीत होते.

खंबाटकी घाटात भरलेल्या गाडीत मी ड्रायव्हरशेजारी बसलो. काटा 600 ओलांडून 680 कडे निघाला. कुणी सांगण्याआधीच ड्रायव्हरमामांनी खालचा गिअर टाकला आणि काटा उतरला. “आवाज जड झाला होता,” ते म्हणाले. मला तो फरक ऐकू आला नव्हता. महिनाभराने त्याच घाटात, तेवढ्याच भारावर, काटा साठेक अंश वर राहू लागला. आवाज तोच, ओढ तीच, पाण्याचा काटाही जागेवर. एअर फिल्टर उघडला, तो धुळीने गच्च भरला होता. या वेळी मामांच्या कानाला जे कळले नाही, ते काट्याला कळले.

म्हणून नजर-कान विरुद्ध यंत्र ही मांडणी मला अपुरी वाटते. वेजवुडच्या वड्यांसारखाच हा काटाही तुलना सांगतो. धूर टर्बोतून जाताना काम करतो आणि निवतो. सळई टर्बोच्या पलीकडे बसवली, तर त्याच घाटात, त्याच भारावर आकडा बराच कमी दिसेल. एका गाडीची मर्यादा दुसऱ्या गाडीला लावणारा माणूस तीच भाषांतराची चूक करतो, आणि किंमत मोजतो इंजिन उतरवून. कुठे मोजले हे ठाऊक नसेल, तर आकडा निरर्थक असतो. मिस्त्रींना हे न सांगता कळत होते. काट्याखाली त्यांनी पांढऱ्या रंगात दोन शब्द लिहून ठेवले: ‘टर्बोच्या आधी’.