भंडाऱ्यातून गेलेली गाडी

‘आजच्या काळात चर्चबिर्च कशाला?’ एकोडीतला मित्र मला विचारतो. मला एक जुनी रेल्वेगाडी आठवते.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडी आपल्या भंडारा रोडवरूनच जाते. डब्यातल्या गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. मग नातेवाईक तुटले, लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूर राहिल्या.

मला खरी हिंमत दिसते ती पुढे. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही, आणि ज्ञानोबा-तुकोबांचा अभंगही सोडला नाही. अभंगातच ख्रिस्त गायला. १९१७ साली तर मिशनची पगारी नोकरीच सोडली. लक्ष्मीबाई तेव्हा सोबत होत्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला होता.